मी, साबणवाल्यांच्या गल्लीतला तात्पुरता टेकू

मित्रांनो, मी एक जुना टेकू आहे, आणि तात्पुरता आहे. जुना आणि तात्पुरता हे एकाच वेळी कसं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही अजून लहान आहात. ते चांगलंच आहे. मोठेपणी हा प्रश्न पडेनासा होतो.

फेस नावाचं जुनं शहर आहे, त्याच्या दक्षिणेला जे डोंगर आहेत, तिथं मी देवदार होतो. हिवाळ्यात अंगावर बर्फ पडे, उन्हाळ्यात माकडं खेळत. आमच्या जंगलातल्या प्रत्येक झाडाचं एकच स्वप्न असतं. आपण एखाद्या मशिदीचं कोरीव छत व्हावं, नाहीतर गेला बाजार एखाद्या श्रीमंताच्या घराचा रंगवलेला दरवाजा तरी. टेकू होण्याचं स्वप्न पाहणारं झाड मला भेटलेलं नाही. पण लाकूडबाजारात माझ्या पोटातली गाठ पाहून सुतारांनी नाकं मुरडली, आणि मी एका खेचराच्या पाठीवरून साबणवाल्यांच्या गल्लीत येऊन पडलो.

त्या हिवाळ्यातल्या पावसाने गल्लीतली दोन समोरासमोरची घरं एकमेकांकडे झुकली होती. घर काही एकदम झुकत नाही. आधी दाराची कडी लागेनाशी होते. मग भिंतीला पोट सुटतं. मग घरातली माणसं कपाट सरकवून ते पोट झाकतात आणि बरं वाटलं म्हणतात. थामी नावाचे म्हातारे गवंडी होते, सगळे त्यांना माल्लेम, म्हणजे उस्ताद, म्हणत. त्यांनी दोन्ही हात पसरून गल्लीची रुंदी मोजली, मला तेवढंच कापलं, आणि दोन भिंतींच्या मधे, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोक्यावर, आडवं ठोकून बसवलं. टोकांना पाचरी मारल्या. मग हात झटकत म्हणाले, "दोन महिन्यांचा प्रश्न आहे. चुना-विटा आल्या की भिंती नीट करू आणि याला काढून टाकू."

त्या दोन महिन्यांत गल्लीतल्या कितीतरी मुलींची लग्नं झाली, त्यांच्या मुली शाळेत जाऊ लागल्या, आणि खुद्द माल्लेम थामी वारले. चुना-विटा मात्र वाटेतच होत्या.

माझ्या डाव्या टोकाला लाल्ला बतूल यांचं घर होतं. त्यांचे यजमान केव्हाच गेलेले. मुलगा शहराबाहेरच्या नव्या वस्तीत चौथ्या मजल्यावर राहायचा आणि "आई, इकडे ये, इथं लिफ्ट आहे" म्हणायचा. ती लिफ्ट चालू असल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. उजव्या टोकाला सी मुफद्दल. आमच्याकडे मानाने बाईला लाल्ला आणि पुरुषाला सी म्हणायची रीत आहे. ते पिवळ्या चामड्याच्या सपाता शिवत. त्यांची मुलगी रुकय्या दवाखान्यात औषधं द्यायला होती. तिचं लग्न व्हायचं होतं आणि तिला त्याची घाई नव्हती, त्यामुळे ती घाई बाकीची गल्ली करत असे.

लाल्ला बतूल आणि सी मुफद्दल एकमेकांशी बोलत नसत. एकदा बतूलबाईंच्या गच्चीचं पाणी पन्हळीतून थेट सी मुफद्दल यांच्या वाळत घातलेल्या चामड्यावर पडलं होतं, तेव्हापासूनची ही गोष्ट. पण शेजारी म्हटल्यावर बोलावं तर लागतंच. म्हणून ते माझ्याशी बोलत.

"अरे लाकडा," लाल्ला बतूल सकाळी दार उघडून माझ्याकडे मान वर करून म्हणत, "सांग शेजाऱ्यांना, त्यांच्या मोरीचं पाणी माझ्या उंबऱ्याला लागलंय. मी काय पोहत बाहेर पडू?"

समोरच्या दारातून सुई न थांबवता उत्तर येई, "लाकडा, त्यांना सांग, पाणी उताराने जातं. आता उतार त्यांच्याकडेच का झालाय, ते त्यांच्या भिंतीला विचारायला सांग."

"माझ्या भिंतीला काय झालंय? तुला इथं बसवलं ते त्यांच्या घरासाठी, हे माल्लेम थामी स्वतः सांगून गेलेत."

"मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. लाकडा, तू यांच्या घरासाठी आहेस. माझं घर कुणाच्या आधाराने उभं नाही."

मित्रांनो, मी आडवा टेकू. माझी एक बाजू ढकलली तरच दुसरी बाजू उभी राहते. बतूलबाईंचं घर सी मुफद्दल यांच्या घराला टेकलं होतं आणि त्यांचं यांच्या घराला. मधे फक्त मी होतो. पण हे सांगायला मला तोंड नव्हतं. फार वजन आलं की मी करकरत असे. ते ऐकून दोघंही समोरच्याच्या घराकडे काळजीने पाहत.

इकडे गल्ली हळूहळू रिकामी होत होती. मोठी घराणी नव्या शहरात गेली. एकेका घराला इतके वारस झाले की दुरुस्तीला सगळ्यांची संमती मिळेपर्यंत छप्पर संमती न विचारता खाली आलं. गल्लीच्या टोकाचं एक घर असंच बसलं. तिथं आधी कचरा आला, मग मांजरं. काही घरं बाहेरच्यांनी विकत घेऊन पाहुण्यांची निवासं केली. फार सुंदर केली, नाही म्हणायचं नाही. पण आमच्या गल्लीत घरोघरची कणीक फळीवर ठेवून, वर फडकं टाकून, अल्लालच्या भट्टीवर जाते आणि पाव होऊन परत येते. निवासातल्या पाहुण्यांना कणीक मळायची नसते. एक घर निवास झालं की भट्टीवरची एक फळी कमी. अल्लाल म्हणायचा, "आता सरपण जास्त आणि पाव कमी. असंच चाललं तर मी भट्टीत स्वतः बसून शेकत राहीन."

ते पाहुणे माझ्याखाली उभे राहून फोटो काढत. माझी इतकी स्तुती आयुष्यात कुणी केली नाही. ते गेले की सी मुफद्दल मला म्हणत, "शेफारू नकोस. ते भेगेचाही फोटो काढतात."

एके दिवशी अल्लालने हमामातून, म्हणजे मोहल्ल्याच्या न्हाणीघरातून, बातमी आणली. हमामातली बातमी वाफेसारखी असते, बाहेर येईपर्यंत दुप्पट होते. नियोजन कचेरीची माणसं येणार होती. गल्लीगल्लीचा नकाशा होणार, प्रत्येक घराला रंग देणार. अल्लाल गंभीरपणे म्हणाला, "ज्या घराला टेकू, ते लाल. लाल म्हणजे भुईसपाट. पलीकडच्या मोहल्ल्यात म्हणे झालंसुद्धा. आता तिथं बसगाड्या उभ्या राहतात."

"आणि माणसं?" लाल्ला बतूल यांनी विचारलं.

"चौथ्या मजल्यावर."

 बतूलबाई आत गेल्या. भिंतीला त्यांची पाठ टेकलेली मला माझ्या डाव्या टोकाशी जाणवली. तिथं त्या बराच वेळ उभ्या होत्या. त्या घरात त्या नवरी म्हणून आल्या होत्या. त्यांना रात्री खोकला आला तर समोरच्या घरातली रुकय्या खिडकीतून विचारायची, "मावशी, औषध घेतलंत का?" चौथ्या मजल्यावर असं विचारायला कोण येणार होतं?

आता ऐका, मित्रांनो. फेसच्या माणसाला घर पडलं तर चालेल, पण पाहुण्याला ते पडताना दिसता कामा नये. पाहणीसाठी माणसं येणार त्या सकाळी लाल्ला बतूल यांनी पेटीतून आपल्या लग्नातले मखमली पडदे काढले. लाल, हिरवे, सोनेरी कमानींचे. आपली भिंत त्यांनी वरपासून खालपर्यंत मढवली. मग त्यांना पडदे उरले आणि समोर भेगाळलेली भिंत दिसली. त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "लाकडा, शेजाऱ्यांना विचार, माणसं आल्यावर उघडंच उभं राहायचंय का?"

सी मुफद्दल यांनी शिडी आणली. दोघांनी मिळून, एकही शब्द न बोलता, दुसरी भिंत मढवली. शेवटी मला गुंडाळलं. माझ्यावर झालर आली, मधे एक कंदील आला. मी कधी नव्हे तो छतासारखा दिसत होतो. जंगलातल्या कुणी पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

कचेरीचे दोन तरुण आले. हातात फळ्या, कागद, मोजपट्टी. एकाने विचारलं, "इथं काय आहे?"

"लग्न," सी मुफद्दल म्हणाले.

"वा. कुणाचं?"

याचा विचार कुणी केला नव्हता. तेवढ्यात डोक्यावर कणकेची फळी घेऊन रुकय्या दारातून बाहेर पडली.

"हिचं," लाल्ला बतूल म्हणाल्या.

"माझं?" रुकय्या म्हणाली. "कधी?"

"लाजते," बतूलबाईंनी त्या तरुणांना समजावलं.

लग्नघरी आलेल्या माणसाला उभं ठेवून भिंती ठोकू देणं शक्यच नव्हतं. पुदिन्याचा चहा आला. बदाम भरलेल्या चंद्रकोरी आल्या. एक खाल्ली की दुसरी, नाही म्हटलं की तिसरी. तरुणांनी नवरीला सुखाच्या संसाराच्या शुभेच्छा दिल्या, पडद्यांकडे पाहून मान डोलावली आणि कागदावर दोन्ही घरांपुढे काहीतरी लिहून, पोटावर हात ठेवत पुढे गेले.

"नवरा कोण आहे, तेवढं तरी सांगा," रुकय्या म्हणाली. "मला कपडे निवडायला बरं."

मग कितीतरी दिवस काहीच झालं नाही. कचेरीचं काम असंच चालतं, त्यात नाव ठेवण्यासारखं काही नाही. मीही दोन महिन्यांसाठीच आलो होतो.

आणि एका दुपारी नुफिसाबाई आल्या. त्या नियोजन कचेरीतल्या मोठ्या बाई. टाचांचे बूट घालून आल्या होत्या, ते गल्लीच्या फरशीत अडकत होते, म्हणून शेवटी त्यांनी सी मुफद्दल यांच्याकडून सपाता विकत घेऊन पायात घातल्या. भट्टीसमोर त्यांनी भला मोठा नकाशा भिंतीला लावला. सगळी गल्ली जमली.

"आम्हाला हा मोहल्ला रिकामा करायचा नाहीये," त्या म्हणाल्या. "इथं माणसं राहिली पाहिजेत, म्हणून हा नकाशा आहे. भट्टी इथंच राहील. हमाम, कारंजं, शाळा, सगळं जागच्या जागी. या गल्लीत नवं निवास निघणार नाही, घराचं घरच राहील. टोकाची पडकी जागा आहे तिथं गाड्या उभ्या करायच्या, असं काही जणांचं म्हणणं होतं. तिथं मुलांना खेळायला अंगण होईल. आणि ही लाल घरं..."

सगळ्यांनी अल्लालकडे पाहिलं.

"ही आधी दुरुस्त करायची. कचेरीच्या खर्चाने. माणसांना बाहेर न काढता."

अल्लालने आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बारकाईने पाहायला सुरुवात केली.

नकाशावर आमची दोन घरं हिरवीगार होती. हिरवा म्हणजे ठणठणीत. लग्नाला शोभतील अशी.

"हिरव्या घरांना काही करायची गरज नाही," नुफिसाबाई म्हणाल्या. "फक्त त्यांच्यासमोर गल्लीत आलेलं जे जास्तीचं आहे, छपऱ्या, ओटे, लाकडं, तेवढं काढायचं. स्ट्रेचर नेता आलं पाहिजे. कुणाची हरकत असेल तर आत्ता सांगा, किंवा कचेरीत या."

लाकडं, हा शब्द मी ऐकला. रुकय्याने वडिलांचा दंड चिमटला. सी मुफद्दल यांनी लाल्ला बतूल यांच्याकडे पाहिलं, त्यांनी बोलावं म्हणून. लाल्ला बतूल यांनी सी मुफद्दल यांच्याकडे पाहिलं, त्यांनी बोलावं म्हणून. दोघांनी मग माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार?

त्या संध्याकाळी उजव्या भिंतीतून मला ऐकू येत होतं.

"बाबा, उद्या कचेरीत चला."

"जाऊन काय सांगू? खोटं लग्न लावलं होतं म्हणून?"

"भिंत खरी पडेल त्याचं काय?"

"पडली तर आधी त्यांची पडेल. टेकू त्यांच्यासाठी आहे."

"मग त्यांची पडली तर आपली कशाला टेकणार आहे?"

 सुईचा आवाज थांबला.

काढणारी माणसं आली तेव्हा त्यांच्याबरोबर नुफिसाबाईही होत्या, त्याच पिवळ्या सपाता घालून. दोघांनी शिडी लावली. एकाने माझ्या डाव्या टोकाची पाचर हातोडीने सैल केली. मित्रांनो, इतकी वर्षं ते वजन माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की ते थोडंसं हललं तेव्हा मला दुखलं. मी करकरलो. दोन्ही भिंतींतून माती खाली सांडली.

"थांबा," सी मुफद्दल म्हणाले. ते अनवाणीच बाहेर आले होते. "काढू नका. माझी भिंत झुकलीय."

 हे वाक्य त्या गल्लीत आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

नुफिसाबाईंनी कागद पाहिला. "तुमचं घर हिरवं आहे."

"कागदावर आहे. आत येऊन बघा. कपाटामागे माझा हात जातो भेगेत. मनगटापर्यंत."

समोरचं दार उघडलं. लाल्ला बतूल म्हणाल्या, "मनगटाचं काय सांगता? माझ्याकडे आत मांजरी राहते. भेगेत. बाळंत झालीय."

"बाई, माझी भिंत जास्त झुकलीय."

"सी मुफद्दल, तुमची काही झुकलेली नाही. माझी झुकून तुमच्यावर आलीय. मी रोज बघते."

"तुम्ही तुमचं बघा."

"माझंच बघतेय. तुमचं घर माझ्यामुळे उभं राहिलंय की काय, याचीच मला काळजी होती."

"आणि मला वाटत होतं, तुमचं माझ्यामुळे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याकडे न पाहता बोलत होते. एक मला ओलांडून डावीकडे, दुसरा उजवीकडे. भांडणच होतं ते, पण सरळ होतं.

नुफिसाबाईंनी शिडीवरच्या माणसाला खुणेने खाली बोलावलं. "ती पाचर आधी परत घट्ट कर," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन दोन्ही भिंती पाहून आल्या. अंगातल्या पायघोळ झग्यावर माती होती आणि हातावर मांजरीचा ओरखडा. "माझ्या माणसांनी हे कसं पाहिलं नाही?"

"त्यांच्या पुढ्यात चंद्रकोरी होत्या," रुकय्या म्हणाली.

"आणि तुमचं ते लग्न?"

"मोडलं," रुकय्या म्हणाली. "नवरा सापडला नाही."

नुफिसाबाई हसल्या नाहीत, पण हसू आवरायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी लाल पेन्सिल काढली आणि माझ्या दोन्ही टोकांची घरं तिथंच, उभ्या उभ्या, लाल केली. हिरव्यावर लाल चढल्यामुळे रंग जरा मातकट आला. पुढे कचेरीत त्यावरून त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं म्हणतात. पण त्या मातकट रंगावर एकाच वेळी दोन घरांचं काम मंजूर झालं.

मग चुना आला, विटा आल्या. ज्या वाटेतच होत्या त्याच असाव्यात. माल्लेम थामींचा मुलगा आला, आता तोही म्हातारा. त्याने पायापासून भिंत बांधत आणली, एका बाजूला जेवढी तेवढीच दुसऱ्या बाजूला, कारण एकच आधी सरळ केली असती तर दुसरी खचली असती. लाल्ला बतूल कामगारांना चहा देत आणि सी मुफद्दल त्यांना सांगत, "आधी त्यांची बाजू करा." बाई म्हणत, "नको, आधी त्यांची." गवंडी बिचारा मधे उभा राही.

आणि मग एका सकाळी त्यांनी माझ्या दोन्ही पाचरी काढल्या. मी वाट पाहिली. काहीच झालं नाही. माझ्यावर कसलंही वजन नव्हतं. मला वाटायचं, त्या दिवशी मी आनंदाने उड्या मारीन. खरं सांगायचं तर मला थोडं पोरकं वाटलं.

त्यांनी मला खाली उतरवून बतूलबाईंच्या दाराशी भिंतीला लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी लाल्ला बतूल बाहेर आल्या. सवयीने त्यांनी मान वर केली. तोंड उघडलं. वर नुसतं आकाश होतं, गल्लीएवढंच अरुंद. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग मान खाली आली, समोरच्या दाराकडे वळली, आणि त्या जरा घसा खाकरून म्हणाल्या, "सी मुफद्दल. तुमच्या मोरीचं पाणी."

"बघतो, लाल्ला बतूल," आतून आवाज आला. "चहा ठेवलाय. या हवं तर."

"कणीक भट्टीवर देऊन येते," बतूलबाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं, आता माझं बाक होईल, अंगणात मुलं माझ्यावर बसतील. पण देवदार चांगला होता आणि शहर मोठं. एका खेचरावर घालून मला वरच्या अंगाच्या एका गल्लीत नेलं. तिथंही समोरासमोर दोन घरं आहेत. त्यांनाही रंग मिळालाय, पाळी यायची आहे. थामींच्या मुलाने दोन्ही टोकांना पाचरी मारल्या आणि हात झटकत म्हणाला, "दोन महिन्यांचा प्रश्न आहे."

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गल्लीत माझ्यासारखा कुणी दिसला तर त्याला झाकू नका, झालर लावू नका, त्याचा फोटो काढून निघून जाऊ नका. आणि अडचण होते म्हणून उपटूही नका. आधी विचारा, हा कुठली भिंत धरून आहे. मग ती भिंत बांधा. मग मला सुखाने काढा, मी रागावणार नाही.

इथं माझ्या डाव्या टोकाला एक आजोबा राहतात आणि उजव्या टोकाला एक बाई. काल त्या बाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि समोर ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "बरं झालं बाई, त्यांच्या घराला टेकू मिळाला."

मी करकरलो. पण त्या काळजीने समोरच्याच घराकडे पाहू लागल्या.